डिजिटल रुपया आणि गावची ठेव

१ एप्रिल १९५७ रोजी देशात नया पैसा सुरू झाला आणि सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. चार आण्यांचे पंचवीस नये पैसे हा हिशेब सरळ होता. एका आण्याचे सव्वासहा हा मात्र किरकोळ देवघेवीत नडणारा होता. तरीही त्या वेळी रुपयाचे केवळ भाग बदलले, रुपया तोच राहिला. हल्ली ज्या डिजिटल रुपयाची चर्चा गावोगावी ऐकू येते, त्यात रुपयाचे भाग तेच असून रुपया कोठे राहतो व तो कोणाच्या वचनावर चालतो, हा प्रश्न पुढे आला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील शेतकऱ्याला हा प्रश्न परका नाही. त्याची किंमत जिल्ह्याने अलीकडेच मोजली आहे.

किरकोळ व्यवहारांसाठी डिजिटल रुपयाचा प्रयोग रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबई, नवी दिल्ली, बंगळूर व भुवनेश्वर या चार शहरांत सुरू केला. त्याच वर्षीच्या वित्त अधिनियमाने रिझर्व्ह बँकेच्या कायद्यातील बँक नोटेच्या व्याख्येत डिजिटल स्वरूपातील नोटेचाही समावेश केलेला होता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ही नोटच होय. फरक इतकाच की ती कागदावर न छापता फोनमधील पाकिटात ठेवली जाते. तिच्यावर व्याज मिळत नाही, जसे पेटीत ठेवलेल्या नोटेवर मिळत नाही. मार्च २०२५ अखेर असा सुमारे १,०१६ कोटी रुपयांचा डिजिटल रुपया चलनात होता. कागदी नोटा त्याच सुमारास छत्तीस लाख कोटींहून अधिक होत्या. प्रयोग अजून लहान होता हे यावरून दिसते, पण त्याचे परिणाम समजून घेण्यास मोठे होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

येथे एक शंका साहजिक आहे. चहाच्या टपरीपासून कृषी सेवा केंद्रापर्यंत लोक फोनवरून पैसे देतातच. मग नवे ते काय? खामगावच्या बाजार समितीत सोयाबीन विकून आलेल्या शेतकऱ्याचे उदाहरण घ्यावे. अडत्याकडून हिशेबपट्टीची रक्कम त्याच्या खात्यात जमा होते. त्या क्षणी त्याच्याजवळ पैसा आला असे आपण म्हणतो. वस्तुतः त्याच्याजवळ आले ते बँकेचे वचन. मागाल तेव्हा देऊ, एवढेच ते वचन असते. यूपीआयने तो दुकानदाराला पैसे देतो, तेव्हा आपल्या बँकेला तो केवळ हुकूम देतो आणि एका बँकेचे देणे दुसऱ्या बँकेच्या खात्यावर जाते. डिजिटल रुपयात असा हुकूम नसतो. रुपयाच एका पाकिटातून दुसऱ्या पाकिटात जातो आणि त्यामागे वचन असते ते थेट रिझर्व्ह बँकेचे. वऱ्हाडातील कापसाच्या व्यापारात पूर्वी हुंड्या चालत. हुंडी कितीही सुरेख अक्षरात लिहिलेली असो, तिचे मोल ती काढणाऱ्या पेढीच्या पतीइतकेच असे. बँकेतील ठेवीचेही तसेच आहे.

दोन वचनांतील हे अंतर एरवी जाणवत नाही. मलकापुरात ते जाणवले. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले आणि ठेवीदाराला खात्यातून दहा हजार रुपयांपेक्षा अधिक रक्कम काढता येणार नाही असे ठरविले. दिवस हरभरा-गव्हाच्या हंगामाचे होते. ज्याने कापूस-सोयाबीन विकून रक्कम त्या बँकेत ठेवली असेल, त्याच्या पासबुकात आकडा तोच होता, पण त्या आकड्याने खत घेता येत नव्हते. पुढे ५ जुलै २०२३ रोजी, पुरेसे भांडवल व मिळकतीची शक्यता नसल्याच्या कारणावरून, बँकेचा परवाना रद्द झाला. सत्त्याण्णव टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना विम्यातून संपूर्ण रक्कम मिळण्यास ते पात्र होते, असे रिझर्व्ह बँकेने त्या वेळी सांगितले. ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेमागे पाच लाख रुपये आहे. त्यापूर्वी ती एक लाख होती. कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीमुळे निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत ही रक्कम देण्याची तरतूद झाली. लहान ठेवीदाराला हा मोठा आधार होय. तथापि पेरणी नव्वद दिवस थांबत नाही. आणखी एक गोष्ट गावपातळीवरील कार्यकर्त्याने आवर्जून सांगावी: हा विमा बँकांतील ठेवींना आहे, पतसंस्थेतील ठेवींना नाही. पाटीवरील नाव वाचून हा भेद कळतोच असे नाही.

यावरून कोणी म्हणेल, तर मग सारी ठेव डिजिटल रुपयात घालून निश्चिंत व्हावे. एका घराच्या दृष्टीने हे शहाणपणाचे वाटते. परंतु साऱ्या तालुक्याने तसे केले तर काय होईल, हे पाहिले पाहिजे. बँक पीककर्ज देते ते ठेवींच्या बळावर. ठेवीचा काही भाग तिला रिझर्व्ह बँकेकडे व सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो, उरलेला ती कर्जाऊ देते. व्यापारी बँकांनी आपल्या कर्जाच्या १८ टक्के शेतीला द्यावे असे बंधन आहे. म्हणजे शंभर कोटींमागे अठरा कोटी. ठेवी आटून कर्ज सत्तर कोटींवर आले, तर बंधन पुरेपूर पाळूनही शेतीच्या वाट्याला साडेबारा कोटींच्या आसपासच येतील. आणि बँक बाहेरून महाग पैसा आणून ही तूट भरून काढू लागली, तर व्याजाचा बोजा शेवटी ऋणकोवरच पडेल. पाकिटात ठेवलेला डिजिटल रुपया कोणाची विहीर बांधीत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रसिद्ध केलेल्या टिपणात ठेवींच्या या ओहोटीचा विचार होता, आणि डिजिटल रुपयावर व्याज न देण्यामागील एक मुख्य कारण हेच आहे. शिवाय एखाद्या बँकेविषयी अफवा उठली, तर पूर्वी रांग लावण्यास तरी दिवस जात असे. डिजिटल रुपया सर्वत्र झाल्यावर रात्रीतून फोनवर ठेवी निघून जाऊ शकतील. चांगली बँकही अशाने अडचणीत येते. अशा वेळी ठेव किती काढता यावी यास मर्यादा असणे सामान्य माणसाला जाचक वाटेल, पण ती त्याच्याच पीककर्जाची राखण ठरेल.

रिझर्व्ह बँकेचे वचनही सरकारी निर्णयाच्या अधीन असते, हे ८ नोव्हेंबर २०१६ नंतर सर्वांनी पाहिले. १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली व ऐन रब्बीत सोसायट्यांचे व्यवहार अडले. बिटकॉइनसारख्या खाजगी नाण्यांविषयी मात्र थोडक्यातच लिहिलेले बरे. त्यामागे वचन देणाराच कोणी नाही. १ एप्रिल २०२२ पासून त्यांच्या नफ्यावर तीस टक्के कर असला, तरी कर घेतला म्हणून सरकारने त्यांना चलन मानले असे होत नाही. दाम दुप्पट करून देणाराने हा शब्द उच्चारला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत विचार करण्याजोगा भाग वेगळाच आहे. डिजिटल रुपयाला कामाची अट घालता येते. हा पैसा खतावरच खर्च व्हावा, अमुक मुदतीत व्हावा, असे ठरविता येते. ओडिशा व आंध्र प्रदेशात कुळाने शेती करणाऱ्यांना असा रुपया देण्याचा प्रयोग स्टेट बँकेने केला. रत्नागिरी जिल्ह्यातही एका खाजगी बँकेने कार्बन क्रेडिटच्या मोबदल्यात काही शेतकऱ्यांना डिजिटल रुपया दिला. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बटाईदाराला तारणाअभावी बँक उभी करीत नाही. पैसा बियाण्याखेरीज अन्यत्र जाणार नाही अशी खात्री पटली तर कदाचित करील. हा लाभ खरा आहे. परंतु सहकारी सोसायट्यांतून पीककर्जाचा काही भाग रोख व काही भाग खताच्या रूपाने देण्याची जी पद्धत होती, तिचा अनुभव जुन्या शेतकऱ्यांना आहे. खत उशिरा आले की तोच शेतकरी ते मिळेल त्या भावात विकून रोकड करी. घरात आजारपण आले, तर अटीचा रुपया दवाखान्यात चालणार नाही आणि पावले पुन्हा सावकाराच्या ओट्याकडे वळतील. म्हणून अशी योजना गावात येईल त्या वेळी कार्यकर्त्याने आधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: कर्जाचा किती भाग बिनअटीचा आहे, मुदत संपल्यावर उरलेल्या रकमेचे काय होते, आणि हा रुपया घेणारे दुकान कोठे आहे. संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या गावी फोनला रेंज नसेल व पाकीट असलेले दुकान तालुक्यालाच असेल, तर खताच्या दोन पोत्यांसाठी एक दिवसाची मजुरी व गाडीभाडे त्या कर्जाच्या व्याजात मोजावे लागेल.