नव्या वर्षाचा संकल्प आणि मनाची मशागत

डिसेंबर सरू लागला की विद्यार्थ्यांच्या वह्यांवर संकल्प उमटू लागतात. पहाटे चारला उठेन, गणिताची उजळणी रोज करीन, मोबाईलला हात लावणार नाही, असे ते निश्चय असतात. संकल्प करणे चांगलेच. परंतु जानेवारीचा पहिला आठवडा उलटतो न उलटतो तोच एखादे दिवशी जाग येत नाही, आणि मूल स्वतःस म्हणू लागते, "मी आळशीच आहे, माझ्या हातून काही व्हायचे नाही." एक दिवस चुकला एवढीच खरी गोष्ट, निवाडा मात्र साऱ्या आयुष्यावर दिला जातो. या निवाड्यापासून मनास कसे वाचवावे, याचा येथे थोडा विचार करू.

आपल्या देवळाली प्रवरेच्या परिसरात उसाचे शेत पाहिले नाही असा विद्यार्थी विरळाच. लागणीनंतर सगळेच डोळे उगवतात असे नाही. सरीत मधूनमधून जागा रिकाम्या राहतात. एवढ्यावरून कोणी शेतकरी सारे रान पुन्हा नांगरीत नाही. तो रोपे आणून नांग्या भरतो आणि पुढच्या पाण्याकडे लक्ष देतो. मनाच्या शेतीसही हाच न्याय लावावा.

या वृत्तीस मानसशास्त्रात आत्मकरुणा म्हणतात. अमेरिकेतील क्रिस्टिन नेफ या विदुषीने २००३ साली तिची तीन अंगे मांडली. आपण चुकलो असता स्वतःशी मायेने वागणे, हे पहिले. चुकणे व दुःख भोगणे सर्वच माणसांच्या वाट्यास येते हे ओळखणे, हे दुसरे. आणि आपले दुःख न लपविता व न फुगविता आहे तेवढेच पाहणे, हे तिसरे.

येथे पालक शंका घेतील की, अशाने मूल लाडावणार नाही काय? २०१२ साली ज्युलियाना ब्राइनेस व सेरेना चेन या संशोधिकांचे काही प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एकात अवघड चाचणीत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना त्या अपयशाकडे ममतेने पाहण्यास सांगितले होते. त्यांनीच पुढील चाचणीसाठी इतरांहून अधिक वेळ अभ्यास केला. कारण उघड आहे. जो स्वतःचा धिक्कार करतो त्यास चुकलेली वही उघडण्याचीही भीती वाटते. ज्यास ती भीती नाही तो चूक नीट पाहतो व सुधारतो. मात्र माया म्हणजे सबब नव्हे. "मी चुकलो" असे स्पष्ट म्हणावे. "मीच वाईट" असे म्हणू नये.

आपल्या राहुरीस काही काळ राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी आपल्या फजित्या मोकळ्या मनाने व हसत हसत सांगितल्या आहेत. स्वतःचे दोष जाणूनही स्वतःशी स्नेह राखता येतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

तथापि काही ओझी एकट्याने उतरत नाहीत. पिकावर रोग पडला म्हणजे शेतकरी जाणत्याचा सल्ला घेतो. राहुरीस कृषि विद्यापीठ स्थापन झाले ते अशाच साहाय्यासाठी. त्यात कोणास कमीपणा वाटत नाही. मग मनाच्या बाबतीतच तो का वाटावा? समुपदेशक शांतपणे ऐकून घेतो, दोष देत नाही, गुंता सोडवून त्याचे लहान भाग करतो आणि पुढचे पाऊल आपणाकडूनच ठरवून घेतो. आपले बोलणे तो गुप्त ठेवतो. जीवास धोका असेल तेव्हा मात्र जबाबदार माणसांस कळविणे त्यास भाग असते. औषधाची गरज भासल्यास तो मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवितो.

असे साहाय्य दूर नाही. ठाणे येथे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी संस्था स्थापन केली व हा विषय मराठी घरांत पोहोचविला. भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते. झोप उडाली, अन्न गोड लागेना, अभ्यासात चित्त लागेना आणि असे दोन आठवडे चालले, तर अवश्य बोलावे. जगणेच नकोसे वाटू लागले, तर एक घटकाही थांबू नये. घरातील वडील माणसास, शिक्षकास अथवा या क्रमांकावर तत्काळ सांगावे.

पालकांनीही प्रगतिपुस्तक हाती येताच "किती गुण?" याआधी "कोठे अडले, बाळ?" असे विचारावे. ज्या घरात अपयश सांगता येते, त्या घरातील मूल संकटात एकटे पडत नाही.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, यंदा संकल्पाखाली आणखी दोन ओळी लिहा. पहिली, हा नेम चुकला तर दुसऱ्या दिवशी कोठून आरंभ करीन. दुसरी, मन जड झाले तर कोणाशी बोलेन. दुसऱ्या ओळीत एक नाव अवश्य असावे.