बैलाची सूज, गिधाडाचं मरण

पोळ्याच्या आदल्या सांजेला आर्णीच्या शिवारात अजूनही बैलांचे खांदे शेकतात. जुवानं घासलेल्या मानेवर हळद आणि तूप चोळायचं, वर्षभर ओढलेल्या ओझ्याबद्दल त्याची जणू माफी मागायची. ट्रॅक्टर आले, जोड्या कमी झाल्या. तरी ज्याच्या गोठ्यात जोडी उरली आहे, त्याचा हात त्या मानेवरून मायेनंच फिरतो. गिधाडांवरचा लेख गोठ्यातून सुरू करायला कारण आहे. भारतातली गिधाडं संपली ती कुणाच्या वैरामुळे नाही, या मायेमुळे.

इथल्या पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा. ढोर मेलं की गावाबाहेर नाल्याच्या काठी ओढत न्यायचं. कातडं काढून झालं की रिकाम्या आभाळात एक ठिपका दिसायचा, मग दोन, मग पाच-पन्नास. दुपार कलेपर्यंत हाडं उरायची. पोरं लांबून दगड भिरकावत, मोठी माणसं नाकाला उपरणं लावून निघून जात. पांढऱ्या पाठीचं गिधाड आणि लांब चोचीचं गिधाड अशा दोन वेगळ्या जाती तिथं उतरतात, हे बघायला कोण थांबतो? चिमण्या-कावळे कुणी मोजतं का, तशीच ही.

मग ती दिसेनाशी झाली. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभु प्रकाश गिधाडांच्या नोंदी ठेवत होते. नव्वदच्या दशकात त्यांना माना टाकून फांदीवर बसलेली, मग झाडाखाली मरून पडलेली गिधाडं दिसू लागली. आधी वाटलं, एखादी साथ असावी. उत्तर २००४ मध्ये पाकिस्तानातून आलं. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडं तपासली, तर आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर होता. मूत्रपिंडं निकामी झाली होती. कारण होतं डायक्लोफिनॅक, म्हणजे आपण कंबर धरली की घेतो तीच गोळी. नव्वदच्या दशकात ती जनावरांसाठी स्वस्तात मिळू लागली होती. बैल लंगडला, गाईची कास सुजली, की एक इंजेक्शन. सूज उतरायची, जनावर उभं राहायचं. जे वाचायचं नाही, ते औषध अंगात घेऊनच मरायचं आणि नाल्याकाठी जायचं.

आता हिशेब पाहा, कारण जाती संपतात त्या हिशेबात. औषध अंगात असलेली जनावरं शंभरात एकसुद्धा नसली, तरी गिधाडांची वाताहत व्हायला तेवढी पुरतात, असं शास्त्रज्ञांचं गणित निघालं. ऐकून खोटं वाटतं. पण एका ढोरावर पन्नास-शंभर गिधाडं उतरतात, म्हणजे एका विषारी पंगतीत अख्खा थवा जातो. शिवाय गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. उंदीर हजारांनी मारा, पुढच्या हंगामात तेवढेच हजर. गिधाडाचा संसार या समजुतीवर उभा आहे की एकदा मोठं झालेलं पाखरू वर्षानुवर्षं जगेल. मोठ्यांच्या मरणाचं प्रमाण थोडं जरी वाढलं, तरी जन्म ते भरून काढू शकत नाहीत. १९९२ ते २००७ या काळात भारतात पांढऱ्या पाठीच्या हजार गिधाडांतलं जेमतेम एक उरलं. इतक्या वेगानं एवढा मोठा पक्षी कोसळल्याचं दुसरं उदाहरण शोधावं लागेल.

उरलेली ढोरं मग कुत्र्यांनी खाल्ली, आणि कुत्री वाढली. मुंबईत पारशी समाज आपले मृतदेह गिधाडांसाठी ठेवतो, त्या दोखम्यांवर गिधाडं येईनात, तेव्हा सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसवायची पाळी आली. एका पाखराच्या जाण्यानं अंत्यविधीची रीत बदलली!

जात संपवायला शत्रू लागतोच असं नाही, हे एकदा ध्यानात आलं की आपल्या भोवतालचं बरंच काही वेगळं दिसू लागतं. चित्त्याचंच घ्या. तो शिकारीत मेला, हे खरं. पण राजेरजवाड्यांना तो हौसेनं पाळायला हवा असे. पिंजऱ्यात त्याची वीण जवळजवळ होतच नसे, म्हणून रानातला धरून आणत. शेकडो वर्षं असं रान उपसल्यावर १९४७ मध्ये कोरिया संस्थानाच्या महाराजांच्या गोळ्यांना बळी पडले ते उरलेसुरले तीन. १९५२ मध्ये चित्ता नामशेष झाल्याचं सरकारनं जाहीर केलं.

माळढोकाला तर गवताळ माळ हवा, आणि आपल्या दप्तरात माळाला ‘पडीक’ म्हणतात. पडीक जमिनीला पाणी दिलं, तिच्यावर झाडं लावली, तर त्यात कुणाचं काय चुकलं? या पाखराचं बहुधा एकच अंडं असतं, तेही उघड्या जमिनीवर. देह जड, डोळे बाजूला. उडताना समोरची वीजवाहिनी दिसते तोवर वळायला उशीर झालेला असतो. सोलापूर-नगरकडे त्याच्यासाठी अभयारण्य केलं, ते कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं आली, शेतं आली, जमिनीचे व्यवहार अडले आणि लोकांचा राग पाखरावर निघाला. पुढे ते कमी करून १,२२२ वर आणलं. वाचवायच्या घाईतही पाखरू नावडतं होऊ शकतं, ते असं.

झाडं त्याहून गुपचूप जातात. आपल्याकडच्या रानातली चारोळी पाहा. चारं पिकायच्या आधीच झाड झोडपलं जातं, कधी फांदीच तोडली जाते, कारण आज मी नाही काढली तर उद्या दुसरा काढणार. मोहफुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यात रोपटी जळतात. म्हातारी झाडं उभी असतात, मोहरतात, फोटोत रान हिरवंगार दिसतं. पण त्यांच्याखाली वारस नसतो.

वाघांचं बरं चाललंय म्हणावं, तर तेही पुरतं खरं नाही. शेजारच्या टिपेश्वरात वाघ वाढले, म्हणून तिथला एक तरुण नर २०१९ मध्ये बाहेर पडला. गळ्यात कॉलर होती, म्हणून त्याचा माग राहिला. शेतं, रस्ते, वस्त्या ओलांडत हजाराहून जास्त किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथं शिकार होती, पाणी होतं, माणसाचा त्रास कमी होता. वाघीण नव्हती. दोन रानांमधला रस्ता तुटला की वाघ जिवंत असतो आणि वंश थांबतो.

गिधाडांसाठी बरंच करून झालं आहे. जनावरांना डायक्लोफिनॅक देण्यावर २००६ मध्ये बंदी आली. त्याच कामाचं मेलोक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही. ते मिळतं, परवडतं. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या दोन औषधांवरही २०२३ मध्ये जनावरांपुरती बंदी घातली. हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढवलेली गिधाडं २०२४ च्या जानेवारीत पेंच आणि ताडोब्याला आणली, म्हणजे विदर्भातच. सोडण्याआधी त्यांना महिनोन्‌महिने मोठ्या पिंजऱ्यांत ठेवून इथल्या हवेची सवय केली.

मात्र माणसांसाठीचं डायक्लोफिनॅक औषधांच्या दुकानात राहिलंच. त्याची मोठी बाटली परत गोठ्यात जाऊ लागली, म्हणून २०१५ मध्ये केंद्र सरकारनं ठरवलं की इंजेक्शनची कुपी तीन मिलिलिटरहून मोठी नको. माणसाला एक पुरते. बैलाला पाच-सहा फोडाव्या लागतात. ती कटकट नको म्हणून तरी शेतकरी दुसरं औषध मागेल, असा त्यामागचा हिशेब आहे.