फोनमध्ये कागद आहे, पण सापडत नाही? एटापल्लीच्या वाचकांसाठी शोधायची सोपी रीत

एटापल्ली : सरकारी कार्यालयाच्या व्हरांड्यात उभं राहून फोनवर अंगठा वर-खाली सरकवणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. कदाचित तो माणूस तुम्हीच असाल. आत साहेब म्हणतात, "दाव्याची पोच दाखवा." पोच फोनमध्ये आहे, हे नक्की. गेल्या वर्षी मुलाने फोटो काढून ठेवला होता. पण त्यानंतर लग्नाचे फोटो आले, धानाचे आले, शुभ सकाळचे दोनशे फोटो आले. मागच्या माणसाचा नंबर लागतो आणि आपण परत गावाकडे.

माझ्यावरही ही वेळ आली आहे. एका कामासाठी आलापल्ली, आष्टी, चामोर्शी करत गडचिरोलीला गेलो. लागणारं पत्र व्हॉट्सॲपवर आलेलं होतं, पण ते मी उघडून कधी उतरवूनच घेतलं नव्हतं. नुसतं नाव दिसत होतं. पाठवून बरेच महिने झाले होते, त्यामुळे आता डाउनलोड होईना. पाठवणाऱ्याला फोन लावला तर तो कव्हरेजच्या बाहेर. दिवस गेला, भाडं गेलं. तेव्हापासून हा विषय नीट समजून घेतला. आज तोच सांगतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. फोनमधलं शोधायचं भिंग हुशार नाही. आपण लिहिलेली अक्षरं आणि फोनमध्ये साठवलेली अक्षरं तो एकापुढे एक ठेवून जुळवतो, एवढंच. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी 'ग्रेप' नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. तो मजकुरातून हवा तो शब्द असलेल्या ओळी काढून देत असे. आज आपल्या हातातल्या फोनमध्येही तत्त्व तेच आहे. 'माझा जमिनीचा कागद' असं लिहून काही मिळणार नाही, कारण तसं त्या फाइलवर कुठेच लिहिलेलं नाही.

मग लिहिलेलं काय असतं? व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोच्या नावात तारीख आणि एक क्रमांक असतो, दुसरं काही नाही. कागदपत्रांच्या फाइलचीही पुष्कळदा तीच गत. म्हणून कागद आल्या दिवशीच त्याला नाव द्यायचं. बहुतेक फोनमध्ये 'फाइल्स' नावाचं ॲप असतं, सॅमसंगमध्ये 'माय फाइल्स'. ते उघडा, डॉक्युमेंट्समध्ये जा, फाइलवर बोट दाबून धरा आणि तीन टिंबांतून 'कॉपी' निवडा. 'कागदपत्रं' नावाचं वेगळं फोल्डर करून त्यात ती ठेवा आणि मग तिथल्या प्रतीचं नाव बदला. थेट व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये नाव बदललं तर व्हॉट्सॲपला स्वतःचीच फाइल सापडत नाही आणि चॅटमधून ती उघडत नाही. हे मी करून बसलोय, म्हणून सांगतो.

नाव मराठीत चालतं. 'वनहक्क दावा पोच आई २०२४' असं साधं ठेवा. माणूस कोण, कागद कसला आणि वर्ष कोणतं, एवढं पुरे. आधारचा नंबर मात्र फाइलच्या नावात टाकू नका. फोन दुसऱ्याच्या हातात गेला की नाव सगळ्यांना दिसतं.

फाइल्स ॲपमधला नावाचा शोध नेटशिवाय चालतो. आपल्याकडे ही मोठी गोष्ट. कसनसूर, जारावंडीकडे निघालं की टॉवर कुठे सापडेल आणि कुठे जाईल सांगता येत नाही. पण कागद फोनमध्ये उतरवलेला असेल आणि त्याला नाव असेल, तर विमान मोडवरसुद्धा तो अर्ध्या मिनिटात समोर येतो.

नाव बदलणं किचकट वाटतं त्यांच्यासाठी याहून सोपा उपाय आहे. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो. नवीन चॅट उघडलं की यादीत आपलंच नाव दिसतं. कागदाचा फोटो काढा, स्वतःला पाठवा आणि खाली चार शब्द लिहा : 'बाबांचा सातबारा, जुना' किंवा 'तेंदू बोनस यादी, आपली फडी'. पुढे कधीही व्हॉट्सॲपच्या वरच्या भिंगात 'सातबारा' टाकलं की तो फोटो येतो. हा शोधही नेटशिवाय चालतो, कारण मेसेज फोनमध्येच असतात. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांनी कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलावं. साधे शब्द तो बरोबर टिपतो. माडिया आडनावं आणि गावांची नावं मात्र चुकवतो, ती हाताने दुरुस्त करावी लागतात.

जुन्या मेसेजसाठीही सोय आहे. भिंग दाबल्यावर फोटो, लिंक, डॉक्युमेंट असे प्रकार दिसतात. 'डॉक्युमेंट' निवडलं की शुभ सकाळवाले सगळे बाजूला होतात. एखाद्या ग्रुपमध्ये अमुक दिवशी काहीतरी आलं होतं एवढंच आठवत असेल, तर त्या ग्रुपच्या आतल्या शोधात कॅलेंडरचं चिन्ह असतं. त्यातून थेट त्या तारखेवर जाता येतं. २०२४ पासून अँड्रॉइडवर ही सोय आहे. दिसत नसेल तर ॲप अपडेट करून बघा.

आता खरा त्रास कुठे होतो ते बघू : याद्यांमध्ये. घरकुलाची यादी, बोनसची यादी, धान खरेदीची यादी, सगळ्या पीडीएफमध्ये येतात. शंभर-शंभर पानं असतात. पीडीएफ उघडल्यावर वर भिंग असतं, त्यात नाव टाकायचं आणि शोधायचं. पण पुष्कळदा 'काही सापडलं नाही' असं येतं आणि माणूस समजतो की आपलं नाव कटलं. तसं लगेच समजू नका. भिंगाला नाव सापडलं नाही म्हणजे नाव यादीत नाही, असं होत नाही.

याची कारणं तीन. पहिलं, ती यादी मुळात फोटो असू शकते. कागदावर छापून, सही-शिक्का मारून स्कॅन केलेली. तुमच्या डोळ्यांना अक्षरं दिसतात, फोनला नुसतं चित्र. ओळीवर बोट दाबून धरा. शब्द निळा होत नसेल तर ते चित्र आहे. अशा पानाचा स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्समध्ये उघडला तर लेन्स मराठी अक्षरं ओळखून मजकूर काढून देतो. छापील अक्षर असलं तर बऱ्यापैकी देतो, हाताने लिहिलेलं असलं तर भरवसा नाही. यासाठी नेट लागेल, तेव्हा टॉवर असताना करून घ्या.

दुसरं कारण कॉम्प्युटरवाल्यांनाही पटकन लक्षात येत नाही. युनिकोड रुळायच्या आधी मराठी टायपिंग श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख अशा फाँटमध्ये व्हायचं आणि काही ठिकाणी अजून होतं. त्या फाइलमध्ये आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. फाँट फक्त त्यांना मराठी कपडे चढवतो. तुम्ही 'एटापल्ली' शोधता, पण आत 'एटापल्ली' नाहीच. हे ओळखायची खूण सोपी आहे. यादीतली एक ओळ कॉपी करा आणि स्वतःच्या व्हॉट्सॲपवर पेस्ट करा. मराठी उमटलं तर शोध चालेल. वेडीवाकडी चिन्हं उमटली तर भिंगाचा नाद सोडा आणि पानं चाळा. कधी कधी युनिकोडमधल्या पीडीएफमध्येही जोडाक्षरं तुटलेली असतात. 'पल्ली' सापडत नाही, पण 'एटाप' सापडतं. म्हणून पूर्ण नाव टाकण्यापेक्षा जोडाक्षर नसलेला तुकडा टाकून बघावा.

तिसरं कारण आपल्या नावांचं. माडिया, गोंडी नावं मराठीत लिहिताना प्रत्येक लिहिणारा आपल्या कानाने लिहितो. नरोटी की नरोटे? पुंगाटी की पुंघाटी? हिचामी की हिच्चामी? एकाच घरातल्या दोन भावांची आडनावं दोन याद्यांत दोन तऱ्हेने लिहिलेली असतात. फोनला ती दोन वेगळी माणसं वाटतात. अशा वेळी 'नरोट', 'हिच' असा सुरुवातीचा तुकडा टाका. सगळ्या तऱ्हा एकदम येतील, मग त्यातून आपलं नाव निवडा. इंग्रजी यादीत तर आणखी गंमत. आपल्या तालुक्याचंच नाव कुठे 'ए'ने सुरू होतं, कुठे 'ई'ने.

गावांचंही तसंच. 'गट्टा' टाकलं तर आपल्या तालुक्यातलं गट्टा येईल आणि धानोरा तालुक्यातलंही येईल. आकड्यांतही फसगत आहे. गट नंबर मराठी आकड्यांत छापलेला असेल आणि तुम्ही इंग्रजी आकड्यांत टाकला, तर पुष्कळ ॲपमध्ये तो सापडणार नाही. दोन्ही करून बघा.

आता ज्यासाठी एवढं सांगितलं त्या गोष्टीकडे येतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात तारखेला फार किंमत आहे. जमिनीवरचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा असावा लागतो. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर उपविभागीय समितीकडे आणि उपविभागीय समितीचा निर्णय मान्य नसेल तर जिल्हास्तरीय समितीकडे ६० दिवसांत जाता येतं. हे दिवस ठराव किंवा निर्णय झाल्याच्या तारखेपासून मोजतात. कागद आपल्या हाती कधी पडला किंवा फोनमध्ये कधी सापडला, त्यावरून नाही. दावा नामंजूर झाल्याचं पत्र ग्रुपमध्ये कुणीतरी फोटो काढून टाकलं, ते दोनशे मेसेजच्या खाली गेलं आणि दोन महिन्यांनी दिसलं, तर पुढची वाट अवघड होते.

म्हणून वनहक्काचे कागद तरी आजच स्वतःला पाठवून नाव देऊन ठेवा : दाव्याचा अर्ज, त्याची पोच, ग्रामसभेचा ठराव, मोजणीचा नकाशा, गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब, आलेलं प्रत्येक पत्र. पत्राच्या नावात ते आल्याची नाही, पत्रावर छापलेली तारीख लिहा. नवरा-बायको दोघांच्या फोनमध्ये एकेक प्रत असू द्या. पट्टा दोघांच्या नावाने असतो, मग कागद एकट्याच्याच फोनमध्ये का? फोन पाण्यात पडला तर दुसऱ्यात राहील. आणि फोनमध्ये आहे म्हणून मूळ कागद उंदरांना सोडू नका.

ग्रामसभेच्या मंडळींसाठी आणखी एक. ग्रुपवर 'नवीन शासन निर्णय' म्हणून पीडीएफ फिरत असतात. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक ऑनलाइन शासन निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक असतो. त्याचे पहिले चार आकडे वर्ष, पुढचे दोन महिना, त्यापुढचे दोन दिवस. शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयाच्या पानावर हा संकेतांक टाकून शोधला की मूळ प्रत मिळते. मिळाली नाही तर त्या कागदाच्या भरवशावर ठराव घेऊ नका, आधी ग्रामसेवकाला किंवा पंचायत समितीत विचारा. आणि उतरवलेली फाइल बहुधा त्या आकड्यांच्याच नावाने साठते, तेव्हा तिला लगेच 'तेंदू', 'पेसा', 'वनहक्क' असं ओळखीचं नाव द्या. नाहीतर पुढच्या बैठकीत पुन्हा तीच शोधाशोध.

जाता जाता जुनी आठवण. खेड्यातल्या माणसासाठी हातात धरायचा स्वस्त कॉम्प्युटर आपल्याच देशात बनला होता, 'सिम्प्युटर'. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक त्यामागे होते आणि २००४ मध्ये तो विक्रीला आला. वाचता न येणाऱ्यालाही वापरता यावा, भारतीय भाषेत बोलावा, असा विचार होता. तो फार चालला नाही. ते काम आता हा दहा हजारांचा फोन करतो, फक्त त्यात काय ठेवलंय हे आपल्याला सापडलं पाहिजे.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे, आजच करा. फाइल्स ॲपच्या भिंगात 'एपीके' ही तीन अक्षरं इंग्रजीत टाकून शोधा. पीएम किसान, वाहनाचं चलान, लग्नपत्रिका अशा नावांनी या प्रकारच्या फाइल व्हॉट्सॲपवर पाठवून लोकांची बँक खाती रिकामी केल्याच्या घटना राज्यात घडल्या आहेत. कागद कधी एपीकेमध्ये येत नसतो, तो पीडीएफ किंवा फोटो असतो. तुम्ही स्वतः न मागवलेली अशी फाइल सापडली तर ती उघडू नका, थेट काढून टाका. चुकून उघडली असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा.