लिहून झालं तरी कार्ड करंट का खातं?

आज बॅटरीवर चालणाऱ्या डेटा लॉगरबद्दल बोलू. समजा, शेतात जमिनीतला ओलावा दर १० मिनिटांनी नोंदवायचाय. मायक्रोकंट्रोलर झोपेत २ मायक्रोअँपियर घेतो, डेटाशीट बघून आपण खूश होतो. शेजारच्या मायक्रोएसडी कार्डाकडे लक्षच जात नाही.

कार्ड लिहिताना कित्येक मिलिअँपियर ओढतं, म्हणून सगळी काळजी लिहिण्याची. पण खरा खर्च रिकाम्या वेळेचा. समजा, कार्ड नुसतं बसून २०० मायक्रोअँपियर घेतंय. दिवसाला ४.८ मिलिअँपियर-अवर गेले. २५०० वाली बॅटरी जेमतेम दीड वर्ष. काही कार्डं तर बसल्याबसल्या १ मिलिअँपियर खातात, मग साडेतीन महिन्यांत खेळ खलास!

म्हणजे कार्डाचा सप्लायच तोडायचा. एक पी-चॅनल मॉसफेट लावला की झालं? तर नाही.

दर वेळी कार्ड नव्याने सुरू करायलाही ऊर्जा लागते. ५० मिलिअँपियर आणि १ सेकंद धरा, जरा सढळ हातानेच. दिवसातून १४४ वेळा केलं तर २ मिलिअँपियर-अवर. त्यापेक्षा १६ बाइटची एक नोंद धरून ३२ नोंदी रॅममध्ये साठवा, ५१२ बाइटचा एक सेक्टर भरला की लिहा. सव्वापाच तासांनी एकदा, दिवसाला ०.०६ च्या आसपास! रीसेट झाला तर तेवढ्या नोंदी जातील, ते परवडत नसेल तर मध्ये एफरॅम ठेवा.

आता दोन खाचखळगे. पहिला, डेटा पाठवला म्हणजे लिहून झाला असं नाही. कार्ड डेटा लाइन खाली धरून ‘थांबा’ म्हणत असतं. तेव्हा वीज तोडली तर फाइल सिस्टिमच बिघडू शकते. दुसरा जास्त छुपा. सप्लाय तोडला, पण चिप सिलेक्टची पिन हाय राहिली, तर करंट कार्डातल्या प्रोटेक्शन डायोडमधून मागच्या दाराने आत शिरतो. कार्ड धड बंद नाही, धड चालू नाही. म्हणून तोडण्याआधी एसपीआयच्या पिना लो करा, आणि पुल-अप रेझिस्टर मॉसफेटच्या पलीकडच्या, तुटणाऱ्या सप्लायला जोडा.

मोजताना एक करा: मल्टिमीटर आधी मिलिअँपियर रेंजवर ठेवा. मायक्रोअँपियर रेंजवर मीटरमध्येच इतकं व्होल्टेज पडतं की कार्ड सुरूच होत नाही, आणि आपण कोड तपासत बसतो.