निखाऱ्यावरचा 'मू पिंग'

बँकॉकमधील पदपथांवर दिवस उजाडतो तो कोळशाच्या धुरासोबत. कार्यालयाकडे निघालेली मंडळी एखाद्या गाडीपाशी क्षणभर थांबतात, बांबूच्या काडीला ओवून भाजलेले डुकराचे मांस आणि छोट्या पिशवीतील चिकट भात घेतात व चालता चालताच न्याहारी उरकतात. हाच 'मू पिंग'. थाई भाषेत 'मू' म्हणजे डुक्कर आणि 'पिंग' म्हणजे मंद आचेवर भाजणे. निम्मी कृती नावातच सामावलेली आहे.

पर्यटकांच्या अधिक परिचयाचा 'साते' हा याचा भाऊबंद, मात्र त्याचे मूळ जावा बेटावरचे. हळद, धने, जिरे लावलेला साते शेंगदाण्याच्या दाट चटणीबरोबर खातात. सोबत काकडीचे आंबटगोड 'आचात' असते. हा शब्द आपल्या 'अचार'च्याच गोत्रातला.

पदपथावरील या व्यवसायाने अनेकांना पडत्या काळात हात दिला आहे. २ जुलै १९९७ रोजी थायलंडचे चलन 'बात' बाजाराच्या स्वाधीन करण्यात आले आणि पाहता पाहता त्याचे मूल्य कोसळले. त्या संकटात कर्जबाजारी झालेले सिरिवात हे शेअर व मालमत्ता व्यवसायातील बडे गृहस्थ गळ्यात पेटी अडकवून बँकॉकच्या रस्त्यावर सँडविच विकू लागले. बँकेशी संबंध असलेल्या कोणालाही ही हकीकत विसरता येणार नाही.

घरी मू पिंग करताना सर्वात मोलाची वस्तू म्हणजे आपण एरवी कचऱ्यात टाकतो ती कोथिंबिरीची मुळे. अर्धा किलो मांसाला चार-पाच मुळे स्वच्छ धुऊन, सहा-सात लसूणपाकळ्या व चमचाभर पांढरी मिरी यांसह खलबत्त्यात कुटावीत. मिक्सरमध्ये पाणी घालून केलेल्या वाटणाला ती चव येत नाही. त्यात दोन मोठे चमचे ताडगूळ (नसल्यास साधा गूळ), दीड चमचा फिश सॉस, एक चमचा ऑयस्टर सॉस आणि पाव वाटी नारळाचे दाट दूध मिसळावे. खांद्याकडील, थोडी चरबी असलेले मांस आडव्या धाग्याने पातळ कापून या मसाल्यात किमान चार तास, शक्यतो रात्रभर, फ्रिजमध्ये मुरवावे. डुकराचे मांस वर्ज्य असणाऱ्यांनी कोंबडीच्या मांडीचे मांस घ्यावे. छातीचे मांस लवकर कोरडे पडते.

काड्या अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात, म्हणजे त्या जळत नाहीत. लोणारी कोळशावर राखेचा पांढरा थर चढेपर्यंत थांबण्याचा संयम हवा. मसाल्यात गूळ असल्याने ज्वाळेवर मांस बाहेरून करपते आणि आतून कच्चे राहते. भाजताना वारंवार उलटावे व वरून नारळाचे दूध लावावे. हे दूध आधीच वेगळे काढून ठेवलेले असावे. कच्चे मांस ज्यात मुरले तो मसाला पुन्हा लावू नये. कोंबडीचे मांस आतपर्यंत ७४ अंश सेल्सियस तापले पाहिजे. कापल्यावर गुलाबी दिसले, तर ते पुन्हा निखाऱ्यावर ठेवावे.

आणखी एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. कोळशाची शेगडी बंद खोलीत किंवा काचा लावून घेतलेल्या बाल्कनीत कदापि पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास; माणूस बेशुद्ध होईपर्यंत त्याचा पत्ताही लागत नाही. मोकळे अंगण वा गच्ची नसेल, तर गॅसवरचा बिडाचा तवा बरा. धुराचा वास तेवढा उणा राहील, इतकेच.

सोबतीला 'जाओ' हवे: चिंचेचा कोळ, फिश सॉस, गूळ, भाजलेल्या लाल मिरचीची भरड आणि कोरड्या तव्यावर तांबूस भाजून कुटलेले चमचाभर तांदूळ. चिकट तांदूळ मिळाल्यास ते रात्रभर भिजवून मोदकपात्रात वाफवावेत. पाण्यात शिजवल्यास त्यांचा गोळा होतो.