पगारात बसणाऱ्या चपला

25 फेब्रुवारी 1986 च्या रात्री फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस आणि त्यांची पत्नी इमेल्डा मनिलाच्या राजवाड्यातून पळाले. मागे राहिलेल्या इमेल्डाबाईंच्या चपलाबुटांनी जगाची करमणूक केली. बोलबाला झाला 3,000 जोडांचा. मोजदादीत आकडा 1,060 वर आला. बाईंनीही पुढे तोच लावून धरला, जणू हजारभर जोड म्हणजे काटकसर! रोज एक जोड घातला, तरी पहिल्याची पाळी पुन्हा यायला जवळजवळ 3 वर्षे. 2001 मध्ये मारिकिना या चर्मकारांच्या शहरात त्यांतल्या शेकडो जोडांचे संग्रहालय झाले. उद्घाटनाला खुद्द बाई हजर.

फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये या जोडप्याचा 1966 ते 1985 पर्यंतचा अधिकृत पगार मांडला : दोघांचा मिळून 3,04,372 डॉलर. 20 वर्षांत त्यांनी तांदळाचा दाणा विकत घेतला नाही, मुलांची फी भरली नाही, सगळा पगार चपलांवर उडवला असे धरू. जोडामागे 287 डॉलर येतात. म्हणजे उपाशी राहायची तयारी असती, तर चपला तेवढ्या पगारात बसल्या असत्या!

बाकीचे कशातच बसत नाही. त्याच निकालाने त्यांच्या स्विस ठेवी सरकारजमा केल्या. व्याजासह सुमारे 65.8 कोटी डॉलर. त्या पगारातली पै न पै साठवून एवढी रक्कम जमायला 43,000 वर्षे लागली असती. माणूस शेती करू लागून जेमतेम 12,000 वर्षे झाली आहेत.

आपल्याकडे जयललितांच्या घरी 1996 च्या छाप्यात 750 जोड सापडल्याचे गाजले. तमिळनाडूच्या मुख्यमंत्री म्हणून त्या महिना 1 रुपया पगार घेत. 5 वर्षांचे 60 रुपये, म्हणजे जोडामागे 8 पैसे. अर्थात सिनेमातली कमाई वेगळी.

पण मार्कोस म्हटले की अजून चपलाच आठवतात. लाटलेले 500 कोटी डॉलर डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत. जोड राहतो, कारण तो आपल्याही दारात असतो. मग हिशेब जोडांतच करू. मार्कोस कुटुंबाने लाटलेल्या संपत्तीचा अंदाज 500 ते 1,000 कोटी डॉलरचा. जोडाला 100 डॉलर धरले, तर कमीत कमी 5 कोटी जोड. 1986 मध्ये फिलिपिन्सची लोकसंख्या होती सुमारे साडेपाच कोटी. वरचा अंदाज खरा मानला, तर तान्ह्या बाळांसकट प्रत्येकाला जवळजवळ दोन जोड : एक रोजचा, एक लग्नाकार्याचा.