स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहायचीय?

भिगवणसारख्या गावात बसूनही हा अभ्यास जमतो. साधा लॅपटॉप आणि अधूनमधून इंटरनेट पुरे.

● पाया : सी भाषा पक्की हवी, असेंब्लीची तोंडओळख हवी.

● वाचन : सोलापूरचे अच्युत गोडबोले आणि आयआयटी मुंबईचे डी. एम. ढमढेरे यांची याच विषयावरची इंग्रजी पाठ्यपुस्तके. ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स : थ्री ईझी पीसेस’ नेटवर मोफत.

● पहिला धडा : जुन्या धाटणीच्या पीसीत बायोस, म्हणजे पीसी चालू करताच सुरू होणारी अंगभूत आज्ञावली, डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट मेमरीत घेते. त्यातले शेवटचे दोन हेक्स पद्धतीतले ‘५५’ आणि ‘एए’ नसतील, तर गाडी पुढे सरकत नाही. उरलेल्या ५१० बाइटांत पडद्यावर एक अक्षर उमटवून दाखवा.

● पुढचा टप्पा : एमआयटीने २००६ साली शिकवण्यासाठी बनवलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम ‘एक्सव्ही-६’. अवघ्या काही हजार ओळी. ओळीन् ओळ वाचता येते.

● खबरदारी : प्रयोग ‘क्यूईएमयू’ या मोफत आभासी संगणकावरच करा. सिस्टिम कोसळली तरी लॅपटॉपवरच्या फायली शाबूत राहतात.

● दाखला : संगणकशास्त्राचे प्राध्यापक टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी ‘मिनिक्स’ ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. ती वापरूनच लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स उभी केली, तेव्हा तो विद्यार्थीच होता.